वन्संच्या गोष्टीला दिलेलं ‘व्हय’

ये गो, अशी माझ्याजवळ सरक. कागदावरूनच बोलावतेय, पण मोठ्या माणसाने बोलावलं की यायचं असतं. आणि कानातलं ते काढ आधी.

परवा फोनवर काय म्हणालीस, आठवतं? म्हणालीस, “आजी, आत्याआजीचं रेकॉर्डिंग ऐकलं, भारी आहे. पण मध्ये मध्ये ती कोण बाई सारखी व्हय, व्हय करते? तिला कोणी गप्प का बसवलं नाही?” आणि वर सांगितलंस की सगळं दीडपट वेगाने ऐकलं, कारण आत्याआजी फार हळू बोलते.

अगो, ती बाई मी! सख्ख्या आजीचा आवाज ओळखला नाहीस. तो दीडपट वेगाने धावला तर ओळखणार कशी म्हणा. आणि जिने सगळा जन्म माणसं कशी चालतात ते बघण्यात घालवला, त्या आत्याआजीलाच तू पळवलंस? रागावले नाही मी. पण ते ‘व्हय’ तिथे कसं आलं, ते तुला माहीत असायला पाहिजे. म्हणून लिहायला बसले.

वन्सं म्हणजे तुझी आत्याआजी, तुझ्या आजोबांची थोरली बहीण. मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा त्या मुंबईत कॉलेजात शिकवत होत्या. गावात त्यांना ‘पी.टी.ची बाई’ म्हणायचे. शिट्टी वाजवते, पोरांना पळवते, त्याचा सरकार पगार देते, असं बोलायचे लोक. त्यांचं खरं शास्त्र वेगळंच. कायनेसिऑलॉजी. हा शब्द माझ्या जिभेवर बसायला एक अख्खी मे महिन्याची सुट्टी गेली. माणसाचं अंग हलतं कसं, चालतं कसं, खाली बसलेलं माणूस उठताना जोर कुठून आणतं, त्याचं शास्त्र. मी चौथीपर्यंत शिकलेली. पुढचं जे काय आलं ते वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून आणि वन्सं सुट्टीला आणायच्या त्या पुस्तकांतून. त्यांच्या पुस्तकांत माणसांची चित्रं असायची, एकच माणूस एका ओळीत चालताना, आणि मी ती चित्रं तांदूळ निवडता निवडता बघत बसायची. वाटायचं, एवढं साधं चालणं, आणि त्याच्यात एवढं सगळं भरलेलं आहे?

अजूनही बघ, निवृत्त होऊन आचऱ्याला येऊन राहिल्यापासून त्या संध्याकाळी पडवीत बसतात. रस्त्यावरून एखादा माणूस गेला की म्हणतात, “हेचा उजवा ढोपर दुखता. अजून तेका कळाक नाय.” आणि पुढे कधीतरी तो माणूस त्याच रस्त्याने काठी टेकत जाताना दिसतो. मी डोळे मोठे करून बघते. त्या हसतात. म्हणतात, “अगो, जादू नाय ती. तो पाय टाकता थय नुसता बघायचा.”

तर या वर्षी त्यांच्या घशात गाठ निघाली. गोव्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, आणि हेही सांगितलं की नंतर आवाज राहील की नाही, राहिला तर किती, ते आता सांगता येणार नाही. वन्संनी मान हलवली आणि वाटेत माझ्यासाठी काजूच्या बिया सोलायची नवी सुरी घेतली.

ही बातमी त्यांच्या दोन विद्यार्थिनींना कळली. विद्यार्थिनी म्हणायचं, पण आता दोघीही स्वतः प्राध्यापक, केस पांढरे व्हायला लागलेल्या. एक उंच, एक चष्म्याची. त्यांनी एक काम हातात घेतलेलं. या शास्त्रातली पहिली माणसं आता थकली. त्यांनी लिहिलेलं छापून पडलेलं आहे, पण ती या वाटेला लागली कशी, अडली कुठे, कोणी हसलं, कोणी हात दिला, ते कुठेच नाही. ते त्यांच्याच तोंडून ऐकून साठवून ठेवायचं. वन्संचा नंबर बराच नंतर होता. गाठीचं कळल्यावर त्या धावतच आल्या. रात्रीच्या गाडीने कुडाळला उतरल्या, भाड्याची गाडी केली, आणि वाटेत कसालच्या बाजारात थांबून आम्हाला भेट म्हणून काय आणलं, तर हापूस आंब्यांची पेटी! मे महिन्यात, आपल्या घरी! माजघरात आंबे पसरलेले बघून उंच बाईंचं तोंड जे झालं ते तुला दाखवायला पाहिजे होतं. वन्सं म्हणाल्या, “ठेवा, ठेवा. परत जाताना आमचेही न्या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी माजघरात कॅमेरा लागला. आणि मग सुरू झालं गप्प करणं. पंखा बंद. फ्रिज बंद. कोंबडी टोपलीखाली. शेजारणीला सांगून आले, बाई, मिक्सर लावू नकोस. मला मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसवलं आणि उंच बाई तोंडावर बोट ठेवून म्हणाल्या, “काकू, प्लीज. आवाज अगदी स्वच्छ हवा. नंतर परत घेता येणार नाही आपल्याला.” ते खरंच होतं. मी पदर तोंडात धरून बसले.

चष्म्याच्या बाईंनी कानाला लावून बघितलं आणि म्हणाल्या, “मागे काहीतरी सतत घरघरतंय. ते बंद करता येईल का?”

वन्सं म्हणाल्या, “तो समुद्र आहे गो.”

एवढंच काय ते हसू. त्यानंतर वन्सं कॅमेऱ्याकडे बघून बोलायला लागल्या. अमुक गावी जन्म. अमुक परीक्षा. अमुक कॉलेजात नेमणूक. परदेशी शिक्षण. परत नेमणूक. निवृत्ती. संपलं. दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. चष्म्याच्या बाई हळूच म्हणाल्या, “मॅडम, हे तुमच्या बायोडेटामध्ये आहे. आम्हाला गोष्टी हव्या आहेत.”

“त्याच सांगतेय,” वन्सं म्हणाल्या. आणि पुन्हा तसंच. एक वाक्य बोलायच्या आणि थांबायच्या. समोर दोन बायका श्वास धरून बसलेल्या, मान हलली तरी खुर्ची करकरेल म्हणून मानसुद्धा न हलवता. वन्सं पाणी प्यायच्या. पुन्हा एक वाक्य. शेवटी म्हणाल्या, “मला वाटतं, मला सांगण्यासारखं फारसं नाहीच.”

सांगण्यासारखं नाही? या घरात किती पावसाळे आम्ही दोघी चुलीपाशी बसून काढले, किती गोष्टी त्यांनी मला ऐकवल्या! आणि आता शेवटचा आवाज उरलेला असताना हे?

जेवणं झाली. सोलकढी, बांगड्याचं तिखलं, उकडा भात. दोघी पाहुण्या पडवीत जाऊन हळू आवाजात बोलत होत्या. चष्म्याच्या बाई म्हणत होत्या, जे मिळालं त्याच्यावरच भागवावं लागेल, त्यांना आणखी दमवायला नको. मला ते ऐकू आलं, पण माझी कामं पडलेली. मागच्या अंगणात, खळ्यात, कोकमं करायला आणलेल्या रातांब्यांचा ढीग पडलेला. ते फोडून बिया काढून उन्हात टाकले नाहीत तर कुजतात, ते कोणाच्या ऑपरेशनसाठी थांबत नाहीत. मी बसले. वन्सं पण येऊन बसल्या माझ्यासमोर, रातांबे हातात घेतले, आणि नेहमीसारख्या बोलायला लागल्या.

“अगो, तुका सांगलंय काय मी, पुळणीवरच्या प्रयोगशाळेचा?”

“नाय वन्सं. खंयची प्रयोगशाळा?”

“हीच आपली. आचऱ्याची पुळण.”

“व्हय?”

आणि निघाली की गो गाडी! वन्संना नवीन नोकरी लागलेली. डोक्यात प्रश्न एकच, की रापण ओढणारे म्हातारे सत्तरीला ताठ कसे, आणि ऑफिसात बसणारे चाळिशीला वाकतात कसे. रापण तू बघितली नाहीस नीट. समुद्रात लांबच लांब जाळं टाकतात आणि त्याची दोन टोकं धरून माणसं किनाऱ्यावरून ओढतात, मागे रेलून, उलटं चालत चालत. ते पाय वन्संना मोजायचे होते. पण कॉलेजात होतं काय? शिट्ट्या, दोरखंड, लेझमी. यंत्र मागितलं तर वरचे साहेब म्हणाले, बाई, तुमच्या विषयाला यंत्र कशाला लागतं?

“मगे?” मी म्हटलं.

मग सुट्टीत घरी आल्या. सुकतीला पाणी मागे जातं तेव्हा पुळणीवरची, किनाऱ्याची ओली वाळू कशी सपाट, काचेसारखी होते. त्याच्यावर त्यांनी दोन खुंट्यांना सुतळी ताणली आणि रापणीच्या माणसांना म्हणाल्या, या सुतळीच्या बाजूने चाला. वाळूत पावलं उठली. टाच किती खोल, चवडा किती खोल, एक पाऊल दुसऱ्यापासून किती लांब, सगळं शिंप्याच्या टेपने मोजून घेतलं. भरती यायच्या आत. भरती आली की सगळी प्रयोगशाळा धुऊन साफ, उद्या पुन्हा नवी.

“व्हय,” मी म्हटलं. हातातला रातांबा तसाच.

गाव हसलं. म्हणे, हिच्या कोणाचं तरी पाऊल हरवलंय, ते शोधते. रापणीतला एक म्हातारा म्हणाला, “गो चेडवा, माज्या पावलांच्या मागसून चल्लंस तर थेट माज्या बायलेच्या हातचो मार गावतलो!”

आम्ही दोघी हसलो, तेव्हा कुठे माझं लक्ष गेलं. दोघी पाहुण्या दारात उभ्या. चष्म्याच्या बाईंचा हात छातीवर. उंच बाई पळत आत गेल्या आणि माईक, कॅमेरा सगळं उचलून खळ्यात घेऊन आल्या. माईक वन्संच्या पदराला लावला. मग माझ्याकडे वळून पुन्हा तोंडावर बोट. “काकू, तुम्ही फक्त मान हलवा हं.”

मी मान हलवली. वन्सं एक वाक्य बोलल्या. थांबल्या. माझ्याकडे बघितलं. मी जोरात मान हलवली. आणखी अर्धं वाक्य. मग म्हणाल्या, “गप कित्याक गो? आयकतंस मां?”

मी उंच बाईंकडे बोट दाखवलं.

वन्संनी सुरी खाली ठेवली. आणि त्यांचा तो जुना वर्गातला आवाज निघाला, बसलेला होता तरी निघाला. “इकडे या दोघी. सुक्या वाळूत चालून बघितलंय कधी? पाय आत जातो, माणूस दमतं. का? सांगा.”

चष्म्याच्या बाई शाळेतल्या मुलीसारख्या उभ्या राहून म्हणाल्या, “वाळू खाली सरकते, मॅडम. पायाला उलट ढकलत नाही.”

“आणि ओल्या वाळूवर?”

“ती उलट ढकलते.”

“जमीन उलट ढकलते म्हणून माणूस पुढे जातो. पहिल्या वर्षाला शिकवलं तुम्हाला. ते फक्त पायांना लागू आहे असं कोणी सांगितलं?” मग माझ्याकडे हात केला. “आमच्याकडे देवासमोर गाऱ्हाणं घालतात तेव्हा एक जण बोलतो आणि सगळे म्हणतात, व्हय म्हाराजा. ते कोणी म्हटलं नाही तर गाऱ्हाणं घालणाऱ्याला पुढचं सुचायचं नाही. घरात गोष्ट सांगताना पण तसंच. मी या सवयीत वाढले. सकाळी तुम्ही मला सुक्या वाळूत चालवलंत. ही माझी ओली वाळू.”

मी म्हटलं, “वन्सं, ओली म्हणजे काय, हात बघा माझे. रातांब्यांनी निथळतेय नुसती.”

सगळ्या हसलो. उंच बाई मात्र अजून साशंक. त्यांचं काम चोख, तेही खरं. म्हणाल्या, “ठीक आहे, काकूंना बोलू दे. नंतर त्यांचा आवाज आम्ही काढून टाकू.” मी म्हटलं, काढा हो खुशाल, मला काय करायचंय राहून.

आता नीट ऐक, पुढचं तू पळवत ऐकलंस.

आपल्या मागच्या दाराला टेकवायचा तो हिरवा दगड आठवतो? लहानपणी त्याच्यावर बसून दात घासायचीस. तुझ्या बोटाला लागला म्हणून रडायचीस आणि मग मी त्याला फटका मारायची. मी या घरात आले त्या दिवसापासून तो तिथेच. सासूबाई दाराला लावायच्या, मग मी लावायला लागले. दाराला रंग दिला की उरलेला रंग त्याच्यावर फासायचा, अशी रीत. मलाही तो दगडच वाटायचा.

वन्सं सांगायला लागल्या. माझे सासरे, म्हणजे त्यांचे वडील, त्यांच्याशी बोलत नसत. वन्सं कॉलेजात शर्यतीत धावल्या, अर्ध्या चड्डीत धावल्या असं कोणीतरी येऊन सांगितलं, तेव्हापासून. घरात असल्या तरी सासूबाईंना म्हणायचे, तुझ्या लेकीला सांग, जेवायला बस. लेक समोर उभी असायची.

“व्हय,” मी म्हटलं. हे थोडं मला माहीत होतं.

त्या दिवशी रापणीची माणसं चालून गेली. वन्सं एकट्या टेप गुंडाळत होत्या. भरती फिरलेली. तर सुरूच्या झाडांतून वडील आले. किती वेळ तिथे उभे होते, देव जाणे. वहाणा काढल्या. धोतर वर खोचलं. लेकीकडे बघितलं नाही. सुतळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, सावकाश, एकेक पाऊल टाकत. शेवटाला थांबले. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा थेट लेकीला विचारलं,

“सरळ चल्लंय मां गो मी?”

इथे वन्सं थांबल्या. म्हणाल्या, “माज्या तोंडातसून शब्द फुटाक नाय. बाबा वाट बघीत रवले. मगे वहाणा घातल्यानी आणि गेले.”

मालवणच्या दवाखान्यातून हाडाला घालायचं प्लास्टर थोडंसं मागून आणलेलं होतं, एका पावलापुरतं, रापणीतल्या सगळ्यात म्हाताऱ्यासाठी राखून ठेवलेलं. ते त्यांनी वडिलांच्या शेवटच्या पावलात ओतलं. पाणी जवळ येत होतं. हातांनी वाळूचा बांध घालून, ते घट्ट होईपर्यंत लाटा अडवत बसल्या. सुट्टी संपल्यावर मुंबईला जाताना ते जड ओझं घरीच ठेवून गेल्या. सासूबाईंना ते दाराला बरं वाटलं. वन्सं परत आल्या तेव्हा त्याला रंगही लागलेला. त्यांनी कोणालाच काही सांगितलं नाही. वडील रोज त्याच दाराने ये-जा करायचे आणि आता स्वतः हाक मारून जेवायला बोलवायचे, ते पुरे होतं, म्हणाल्या.

मी काय करत होते? काही नाही. माझ्या तोंडून व्हय निघालं नाही. एवढ्या वर्षांचा तो दगड! मी त्याला पायाने सरकवलेलं, झाडूने ढकललेलं, आणि तो माझ्या सासऱ्यांचा पाय, आणि मला सांगणारी ही बाई रोज माझ्यासमोर बसून ते बघत होती आणि हसत होती. केवढं हे माणूस! मी बघतच राहिले.

वन्सं माझ्याकडे बघत होत्या. वाट बघत होत्या. खळ्यात फक्त समुद्राचा आवाज.

आणि मग कोणीतरी म्हणालं, “व्हय.”

तो ‘व्हय’ माझा नाही गो. पुन्हा ऐक, या वेळी वेग कमी करून. तो उंच बाईंचा. नाशिककडची बाई, उभ्या जन्मात तो शब्द बोलली नसेल. कॅमेऱ्यामागे उभ्या होत्या, गाल ओले. वन्संनी त्यांच्याकडे वळून बघितलं आणि मान हलवली. आणि मग पुढे बोलत राहिल्या, उन्हं उतरेपर्यंत. ते सगळं तू ऐकलंच आहेस.

निघताना चष्म्याच्या बाईंनी विचारलं, मग मधले आवाज काढायचे ना? आपल्या नियमात बसत नाहीत. उंच बाई म्हणाल्या, “एकही काढायचा नाही. नियम मी बघते.” आणि मला मिठी मारली, माझ्या जांभळ्या हातांसकट. त्यांच्या पांढऱ्या कुडत्यावर अजून डाग असतील. रातांब्याचा डाग जात नाही.

ऑपरेशन झालं. वन्सं आता घरी आहेत, बऱ्या आहेत, पेज पितात, पडवीत बसून लोकांची ढोपरं बघतात. आवाज राहिला, पण किती? माडाची सुकलेली झापं वाऱ्याने एकमेकांना घासतात, तेवढा. हातभर अंतरावरच्या माणसाला ऐकू येतो, पलीकडे नाही. फोनमध्ये जात नाही. उंच बाईंनी यंत्र पाठवलं, त्याच्यातही नुसता समुद्र येतो.

आणि गोष्टी संपलेल्या नाहीत गो! परदेशात बर्फावर चालायला शिकल्या ती अर्धीच राहिली. आणखी एक नर्तिका होती, म्हातारी, तिच्या पायांची गोष्ट आहे. त्या सांगतात, मी कान जवळ नेते, व्हय म्हणते. पण माझे कान आता गेले. काल त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “काय सांगलंय, सांग बघू?” मला काय सांगता येणार! हसल्या, पण दुसऱ्यांदा सांगितली नाही ती. दुसऱ्यांदा सांगायला दम लागतो त्यांना.

म्हणून सांगते, ये. चतुर्थीला येईन म्हणू नकोस. चतुर्थीला सगळे येतात, भजनं, फटाके, पोरांचा कल्ला, त्या गडबडीत तुझ्या आत्याआजीचं एक अक्षर तुला लागायचं नाही. त्याच्या आधी ये, घर रिकामं असताना. कुडाळला उतरलीस की फोन कर. आंबे नको आणूस. एक मात्र आण. ते पाऊल मी रंग खरवडून, धुऊन, देवाच्या खोलीत फळीवर ठेवलंय, आणि तेव्हापासून मागचं दार वाऱ्याने सारखं आपटतं. वन्सं बोलत असल्या की दचकतात. त्या दाराला लावायला पुण्यात काही मिळत असेल तर घेऊन ये. आणि लवकर ये गो बाय.